कावसजीचं नाक आणि पुण्याचा बिननावाचा कारागीर

नाक कापलं गेलं म्हणजे इज्जत गेली, असं मराठीत म्हणतात आणि आपल्या घरच्या उर्दूतही म्हणतात. बोलताना हे आपण सहज बोलून जातो. पण ज्याचं नाक खरोखरच कापलं गेलं, तो माणूस पुढे कसा जगत असेल? सव्वादोनशे वर्षांपूर्वी अशाच एका माणसाला पुण्याजवळ नवं नाक मिळालं. प्लास्टिक सर्जरीचा इतिहास शिकवताना जगभर त्याचं नाव घेतलं जातं. आपल्याकडे मात्र त्याची ओळख फारशी कुणाला नाही. त्याचं नाव कावसजी.

नाव ऐकून तो पारशी असावा असं वाटतं. पण इंग्रजांच्या नोंदीत तो मराठा, शेतकरी जातीचा असल्याचं लिहिलेलं आहे. इंग्रजांच्या फौजेत तो बैल हाकायचा. त्या काळी तोफा, दारूगोळा, धान्य सगळं बैलांवर चालायचं. बैल थांबले की फौज उपाशी, म्हणून बैलवाला हा शत्रूच्या नजरेत पहिला यायचा.

ही १७९२ ची लढाई. एका बाजूला म्हैसूरचा टिपू सुलतान. दुसऱ्या बाजूला इंग्रज, आणि त्यांच्या सोबत पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम. म्हणजे ही हिंदू-मुसलमानांची लढाई नव्हती, राज्यांची होती. या लढाईत कावसजी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडण्यात आलं.

आम्ही वर्गात हे सांगितलं तेव्हा एक मुलगा गप्प झाला. तास संपल्यावर तो जवळ आला आणि हळूच विचारलं की टिपू सुलतान तर आपले ना, मग त्यांच्या माणसांनी असं कसं केलं? आम्ही त्याला टाळलं नाही. टिपूचं नाव आपल्या घरात आदराने घेतलं जातं. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणला इंग्रजांशी लढता लढता त्याने जीव दिला, हे कुणी पुसू शकत नाही. ही हकीकत लिहिणारे इंग्रज त्याचे शत्रू होते, हेही ध्यानात ठेवूनच ती वाचायची. नाक कापण्याची शिक्षा त्या एकट्याच्या राज्यात होती असंही नाही. पण पोटासाठी बैल हाकणाऱ्या गरिबाचा चेहरा बिघडवणं हा जुलूमच, मग तो कुणीही केलेला असो. आपल्या माणसाची चूक मान्य केल्याने आपण लहान होत नाही, असं आम्ही त्या मुलाला सांगितलं.

कावसजी परत इंग्रजांच्या मुंबई फौजेत आला. पुढे कंपनीकडून त्याला पेन्शन मिळू लागलं. पोटाची सोय झाली, पण एक वर्षाहून जास्त काळ तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्यावर इलाज केला. हा कारागीर हकीम नव्हता, वैद्यही नव्हता. विटा बनवणाऱ्या जातीतला तो माणूस होता. आमच्या मुरबे-बोईसर भागात वीटभट्ट्या नव्या नाहीत. तिथे राबणाऱ्या हातांकडे आपण कोणत्या नजरेने बघतो, ते प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावं.

त्या कारागिराची रीत अशी होती. आधी मेणाचा पातळ पत्रा घेऊन तुटलेल्या नाकावर बसवायचा आणि त्याला नाकाचा आकार द्यायचा. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. शिंपी कापडावर बेत आखतो तसंच. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेलीच ठेवायची. जुन्या जखमेचा व्रण खरवडून तिथे खाच पाडायची. कपाळाची कातडी अर्धा वळसा देऊन खाली आणायची आणि त्या खाचेत बसवायची. टाका एकही नाही. काथ पाण्यात मऊ करायचा, कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पाच-सहा दिवस रोग्याने उताणंच झोपायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे तुकडे, म्हणजे वाट बुजणार नाही.

सगळी खुबी त्या अरुंद पट्टीत आहे. कातडी पूर्ण तोडली असती तर ती सुकून मेली असती. पट्टीतून रक्त येत राहिलं म्हणून ती जगली. तोवर बाजूच्या मांसातून नव्या बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरल्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास पट्टी कापली, तेव्हा नव्या नाकाला तिची गरज उरली नव्हती. जखम भरते म्हणजे काय होतं, हे या माणसाला कोणत्याही कॉलेजात न जाता कळलं होतं. आणि काथही आपल्याच मातीतला. खैराच्या लाकडापासून तो काढतात. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या कातकरी समाजाचं नावच या धंद्यावरून पडलं आहे.

भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं. कावसजीने हे सगळं शुद्धीत सोसलं. वर्षभर लोकांच्या नजरा सोसल्यावर सुरीचं दुखणं त्याला कमीच वाटलं असेल.

अशी शस्त्रक्रिया थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी स्वतः पाहिली. जेम्स वेल्स या चित्रकाराने कावसजीचं चित्र काढलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात ही सगळी हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू नावाच्या सर्जनने आधी मृतदेहांवर सराव केला, १८१४ मध्ये लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं आणि १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. तिथून ही विद्या युरोपभर गेली. अपघातात किंवा कॅन्सरमध्ये नाक गेलेल्या रोग्यांसाठी कपाळाची कातडी आजही वापरतात.

इल्म कुणा एकाच्या मालकीचं नसतं. सुश्रुताच्या ग्रंथात गालाच्या कातडीने नाक करण्याची रीत आहे. अंदलुसचे अबुल कासिम जहरावी १०१३ मध्ये वारले. जबडा मोडला तर हललेले दात सोन्या-चांदीच्या तारेने बांधावेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. मोडलेला जबडा बसवताना डॉक्टर आजही दातांना तार बांधतात. बोईसर-तारापूरच्या रस्त्यांवर हेल्मेट न घालता मोटरसायकल पळवणाऱ्या आपल्या पोरांनी हे जरूर ऐकावं. आणि हो, ही गोष्ट वाचून कुणी जखमेवर काथ-तूप लावू नये. तो त्या काळचा इलाज होता. आता तोंडाला मार लागला, नाक-जबडा वाकडा दिसला, तर हळद-चुना भरत न बसता लगेच हॉस्पिटल गाठावं. उशीर झाला तर हाड वाकडंच जुळतं.

कावसजीचं नाव राहिलं. क्रूसो, वेल्स, कार्प्यू यांचीही नावं राहिली. ज्याच्या हातांनी हे सगळं घडवलं, त्याचं नाव कुणी लिहूनच घेतलं नाही. त्या मुलाने नंतर आपल्या वहीत कावसजीची गोष्ट लिहून आणली. कारागिराच्या नावासाठी त्याने एक ओळ कोरी सोडली होती. आम्ही ती तशीच राहू दिली.