विश्लेषण : समुद्रतळावरच्या जहाजापर्यंत माणूस पोहोचला, पण त्याला दिसले काय? जॅक कुस्तो यांची गोष्ट

मालवणला किंवा तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याला दोन गोष्टी बजावून सांगितल्या जातात. श्वास नाकाने नाही, तोंडाने घ्यायचा आणि कोणत्याही परिस्थितीत तो रोखून धरायचा नाही. बाकीचे काम पाठीवरचा सिलिंडर आणि तोंडातले रबरी यंत्र करते. श्वास ओढला की हवा मिळते, सोडला की बुडबुडे वर जातात. इतके सोपे! पण ही सोय माणसाला मिळून अजून शंभर वर्षेही झालेली नाहीत. ज्या दोघांमुळे ती मिळाली, त्यापैकी एक होते फ्रेंच नौदलातील अधिकारी जॅक-इव्ह कुस्तो.

कुस्तो यांना जग ओळखते ते लाल लोकरी टोपी, ‘कॅलिप्सो’ जहाज आणि समुद्रावरच्या माहितीपटांमुळे. मात्र हे नवे यंत्र पाठीवर बांधून समुद्रतळावरच्या प्राचीन जहाजावर उतरलेल्या पहिल्या तुकडीत तेही होते, हे फारसे सांगितले जात नाही. त्या सुरुवातीच्या वर्षांत पुरातत्त्वशास्त्राने समुद्रात काय कमावले आणि काय गमावले, हे पाहायचे तर कुस्तो यांच्या आयुष्याकडेच वळावे लागते.

विमान उडवायचे होते, पण...

कुस्तो यांचा जन्म ११ जून १९१० रोजी फ्रान्समधील बोर्दोजवळच्या सँ-आंद्रे-द-क्युबझाक या गावी झाला. लहानपणी प्रकृती नाजूक. वडील श्रीमंत अमेरिकनांकडे नोकरीला असल्याने घराचा मुक्काम सतत हलता, त्यात काही काळ न्यूयॉर्कही होते. यंत्रे खोलून बघण्याची आवड होती आणि तेराव्या वर्षी स्वतःचा सिने-कॅमेरा हाती आला होता. १९३० मध्ये ते ब्रेस्टच्या नौदल अकादमीत दाखल झाले. वैमानिक व्हायचे ठरले होते. १९३६ मध्ये एका मोटार अपघातात दोन्ही हात मोडले आणि ते स्वप्न संपले.

त्यानंतर नेमणूक झाली भूमध्य समुद्रकाठच्या तुलाँ बंदरात. हातांना व्यायाम म्हणून पोहणे सुरू होते. तिथे फिलिप तायेझ या सहकारी अधिकाऱ्याने त्यांना पाण्याखाली बघण्याचा चष्मा दिला. तो लावून डोके पाण्यात घातले आणि पुढच्या आयुष्याची दिशा ठरली. फ्रेडरिक द्युमा हा कसलेला पाणबुडा पुढे या दोघांना येऊन मिळाला. पाण्याखाली जास्त वेळ राहता यावे म्हणून कुस्तो यांनी आधी शुद्ध प्राणवायूचे यंत्र वापरून पाहिले. खोलीवर शुद्ध प्राणवायू विषासारखा काम करतो, हे त्यांना स्वतःला दोनदा झटके आल्यावर कळले.

मोटारीच्या गॅसमधून हवेचे यंत्र कसे आले?

दुसऱ्या महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेनासे झाले होते. मोटारी लाकूड किंवा कोळसा जाळून तयार केलेल्या गॅसवर चालवल्या जात. पॅरिसमधील ‘एअर लिक्विड’ कंपनीत एमिल गान्यां नावाचे अभियंते इंजिन जेवढे मागेल तेवढाच गॅस सोडणाऱ्या व्हॉल्व्हवर काम करत होते. कुस्तो यांचे सासरे याच कंपनीत मोठ्या पदावर होते. १९४२ च्या अखेरीस जावईबापूंची आणि गान्यां यांची गाठ पडली. कुस्तो यांना हवे होते तेही नेमके हेच, फक्त इंजिनाच्या जागी माणसाची फुप्फुसे.

इथे थोडे भौतिकशास्त्र आवश्यक आहे. (फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरआधी केवळ सूत्रे पाठ केलेल्या प्रस्तुत बातमीदाराला त्यांचा अर्थ हा लेख लिहिताना लागला, हे कबूल केलेले बरे.) पाण्यात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. म्हणजे १० मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट आणि ४० मीटरवर पाचपट होतो. शरीरावर बाहेरून एवढा दाब असताना आत येणारी हवाही तेवढ्याच दाबाची हवी, नाहीतर छाती फुगवताच येणार नाही. हा हिशेब प्रत्येक श्वासाला, खोली बदलेल तसा, यंत्राने आपोआप करायचा होता. गान्यां यांच्या व्हॉल्व्हमधील पातळ पडदा ते काम करू शकत होता.

१९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीत पहिली चाचणी झाली आणि ती बिघडली. कुस्तो आडवे पोहत असताना यंत्र व्यवस्थित चाले. ते सरळ उभे राहिले की हवा धो धो वाहून जाई आणि डोके खाली केले की जवळपास मिळेनाशी होई. श्वास बाहेर सोडण्याची झडप आणि हवा देणारा पडदा वेगवेगळ्या उंचीवर असल्याने दोन्हींवरच्या पाण्याच्या दाबात फरक पडत होता. दोन्ही शेजारी आणून बसवल्यावर प्रश्न सुटला. त्याच वर्षी उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात या ‘अ‍ॅक्वालंग’ची यशस्वी डुबकी झाली.

युद्धानंतर कुस्तो, तायेझ आणि द्युमा यांनी तुलाँ येथे नौदलाचा पाण्याखालील संशोधन गट उभा केला. ही वर्षे सुखाची नव्हती. १९४६ मध्ये व्होक्ल्यूझच्या झऱ्यात उतरलेले कुस्तो आणि द्युमा थोडक्यात बचावले. कॉम्प्रेसरमधून सिलिंडरमध्ये विषारी कार्बन मोनॉक्साइड भरला गेला होता. पुढच्याच वर्षी खोलीचा विक्रम करताना गटातील मोरिस फार्ग यांचा मृत्यू झाला.

महदिया, १९४८ : पहिली भेट

ट्युनिशियाच्या महदिया गावासमोर समुद्रात एक जहाज सुमारे दोन हजार वर्षे पडून होते. ग्रीसमध्ये घडवलेले संगमरवरी खांब आणि ब्राँझचे पुतळे घेऊन निघालेले हे जहाज ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात बुडाले. १९०७ मध्ये स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना ते सापडले, तेव्हा त्यांनी वर येऊन सांगितले की खाली तोफा आहेत. ते संगमरवराचे खांब होते. आल्फ्रेड मेर्लां या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाने पुढची काही वर्षे धातूचे शिरस्त्राण आणि जड पोशाख घालणाऱ्या पाणबुड्यांकडून पुतळे वर काढून घेतले. ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयात ते आजही आहेत. स्वतः मेर्लां मात्र बोटीवरच असत. त्या काळी दुसरा मार्गच नव्हता.

१९४८ मध्ये कुस्तो आणि त्यांचे सहकारी ‘एली मोनिये’ या नौदलाच्या जहाजातून तिथे पोहोचले. हाती मेर्लां यांनी नोंदवलेल्या खुणा होत्या : किनाऱ्यावरचा पडका किल्ला, वाळूच्या टेकाडावरचे झुडूप, एक पवनचक्की. पस्तीस-चाळीस वर्षांत झुडपे वाढली होती आणि पवनचक्कीचा पत्ता नव्हता. मग समुद्रतळावर तारांची चौकट अंथरून तिच्या रेषांवरून पाणबुडे पोहत राहिले. कित्येक दिवस काहीच मिळाले नाही. शेवटी जहाजामागे दोरीने ओढल्या जाणाऱ्या तायेझ यांना एक खांब दिसला.

खोली सुमारे ४० मीटर. पाचपट दाब, म्हणजे सिलिंडरही पाचपट वेगाने रिकामा होणार. शिवाय जास्त वेळ थांबल्यास रक्तात विरघळलेला नायट्रोजन वर येताना बुडबुडे होऊन सांधे आणि मज्जारज्जू निकामी करू शकतो. एका डुबकीला म्हणून जेमतेम पंधरा मिनिटे ठरवली होती. खाली गेलेल्याला वेळेचे भान राहत नसे, तेव्हा बोटीवरून पाण्यात बंदुकीच्या गोळ्या झाडून वेळ संपल्याची खूण दिली जाई.

त्या पंधरा मिनिटांत त्यांनी जे पाहिले, ते मेर्लां यांना कधीच दिसले नव्हते. जड बुटांनी गाळ तुडवत चालणारा शिरस्त्राणधारी पाणबुडा समोरच्या दोन-चार हातांपलीकडे काही पाहू शकत नसे. अ‍ॅक्वालंगवाला मात्र खांबांच्या रांगांवरून तरंगत जाऊ शकत होता, जहाज कसे कलंडले असेल ते वरून बघू शकत होता. काही खांब आणि जहाजाचे थोडे भाग वर आले आणि मोहीम आटोपली. वेळ आणि पैसा दोन्ही संपले होते. ही मोहीम अ‍ॅक्वालंग वापरून झालेले पहिले पुरातत्त्वीय काम मानली जाते. पण पाण्यात उतरलेल्या कुणीही उत्खननाचे शिक्षण घेतलेले नव्हते.

ग्राँ काँग्लुए येथे नेमके काय चुकले?

ती उणीव भोवली १९५२ मध्ये. तोवर ब्रिटिश धनिक लोएल गिनेस यांच्या मदतीने कुस्तो यांना ‘कॅलिप्सो’ हे जुने सुरुंगशोधक जहाज मिळाले होते. मार्सेलजवळच्या ग्राँ काँग्लुए या खडकाळ बेटाच्या पायथ्याशी, ३० ते ४५ मीटर खोलीवर, दोन कानांच्या उंच मातीच्या कुंभांचा ढीग असल्याची बातमी एका पाणबुड्याकडून कळली. अशा कुंभांना अँफोरा म्हणतात. रोमन काळात वाइन आणि तेल यांची ने-आण त्यांतूनच होई.

शास्त्रीय जबाबदारी प्रोव्हान्सच्या पुरातत्त्व विभागाचे प्रमुख फेर्नां बन्वा यांच्याकडे होती. बन्वा साठीला पोहोचले होते आणि पाण्यात उतरत नव्हते. ते बोटीवर थांबत, वर आलेल्या वस्तू तपासत. पाण्याखालचे चित्र दाखवणारा टीव्हीही पुढे आणला गेला. खाली पाणबुडे जाड सक्शन पाइपने गाळ खेचत. गाळाबरोबर तुकडेही वर येत. शेकडो अँफोरा, काळ्या चकाकीची हजारो भांडी असा खजिना निघाला आणि जगभर छायाचित्रे झळकली. काम काही वर्षे चालले. सुरुवातीच्याच वर्षी एका तरुण पाणबुड्याचा तिथे जीव गेला.

जमिनीवर उत्खनन करताना कोणती वस्तू कोणत्या थरात, कशाच्या शेजारी मिळाली, हे वस्तूइतकेच महत्त्वाचे असते. वरचा थर नंतरचा, खालचा आधीचा. इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचे तर वस्तू म्हणजे डेटा आणि तिची जागा म्हणजे टाइमस्टॅम्प. सक्शन पाइपमधून डेटा वर आला, टाइमस्टॅम्प गाळात राहिला.

काही अँफोरांवर ‘सेस्’ असा शिक्का होता. त्यावरून बन्वा यांनी जहाजाचा मालक सेस्टियस नावाचा व्यापारी असावा असे ठरवले. त्याचे घर शोधायला कुस्तो ‘कॅलिप्सो’ घेऊन ग्रीसच्या डेलोस बेटापर्यंत जाऊन आले. गोष्ट झकास होती, पण सापडलेल्या भांड्यांच्या काळाशी तिचा मेळ बसेना. एकाच जहाजात शंभर वर्षांच्या अंतराची भांडी कशी? १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातही बन्वा एकाच जहाजावर ठाम राहिले. १९८० च्या दशकात ल्युक लाँग यांनी सगळी सामग्री आणि जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा उलगडा झाला. त्याच खडकावर, एकाच जागी, दोन जहाजे बुडाली होती. खालचे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचे आणि वरचे साधारण शंभर वर्षांनंतरचे. ‘सेस्’ शिक्क्याचे कुंभ वरच्या जहाजातले होते आणि ते डेलोसकडे नव्हे, इटलीतील कोझाकडे बोट दाखवत होते.

दोष एकट्या कुस्तो यांचा म्हणता येणार नाही. अशा कामाची पद्धत तेव्हा कुठेच लिहिलेली नव्हती आणि पैसे उभे राहत होते ते छायाचित्रांच्या जोरावर. तरीही हे खरे की ज्यांना थर वाचता येत होते ते खाली गेले नाहीत आणि जे खाली गेले त्यांना थर वाचता येत नव्हते. आणि एकदा उपसलेली जागा पुन्हा उपसता येत नाही.

मग पुरातत्त्वज्ञ पाण्यात कधी उतरले?

१९६० मध्ये तुर्कस्तानच्या केप गेलिडोन्या येथे. जॉर्ज बास हे अमेरिकी पुरातत्त्वज्ञ तेव्हा २७ वर्षांचे होते. मोहिमेआधी त्यांनी फिलाडेल्फियात डायव्हिंगचे जेमतेम धडे घेतले आणि थेट ख्रिस्तपूर्व १२०० च्या सुमाराच्या जहाजावर उतरले. प्रत्येक तांब्याची लगड जागेवर रेखाटून, मोजून मगच वर काढली गेली. याच नोंदींमुळे खलाशी कुठले असावेत इथपर्यंत तर्क करता आला. या मोहिमेचे मुख्य पाणबुडे होते फ्रेडरिक द्युमा. म्हणजे महदिया आणि ग्राँ काँग्लुए येथील अनुभव वाया गेला नाही.

भारतातही हाच मार्ग स्वीकारला गेला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले आणि संस्थेचे पुरातत्त्वज्ञ स्वतः डायव्हिंग शिकले. द्वारकेबरोबरच गोव्याच्या समुद्रातही त्यांनी बुडालेली जहाजे अभ्यासली. सुंची रीफवर हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, चिनी भांड्यांचे तुकडे मिळाले. सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजात कौले होती, त्यावर बासेल मिशनच्या कारखान्याचा १८६५ चा छाप होता. कोकणातल्या जुन्या घरांवर असते त्याच जातीचे कौल, पण काळ ठरवायला पुतळ्यापेक्षा उपयोगी.

पुढे कुस्तो यांचे काय झाले?

‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक १९५३ मध्ये आले. त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार आणि नंतर ऑस्कर मिळाले. त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळात सुरुंग उडवल्याचे दृश्य आहे. आज ते पाहवत नाही. १९५७ पासून तीन दशके ते मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाचे संचालक होते. १९६० मध्ये भूमध्य समुद्रात अणुकचरा टाकण्याच्या योजनेला त्यांनी विरोध केला. समुद्रातून काढून आणणारा हा माणूस हळूहळू समुद्र वाचवा म्हणणारा झाला. १९७६ मध्ये ते ग्रीसच्या अँटिकिथेरा येथील प्रसिद्ध जहाजावर गेले, तेव्हा मात्र ग्रीक पुरातत्त्वज्ञ मोहिमेत सामील होते. तिथे मिळालेल्या नाण्यांमुळे ते जहाज ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील असल्याचे नक्की करायला मदत झाली.

१९७९ मध्ये धाकटा मुलगा फिलिप लिस्बनजवळ विमान अपघातात गेला. १९९० मध्ये ‘कॅलिप्सो’वर आयुष्य काढलेल्या पत्नी सिमोन यांचे निधन झाले. जानेवारी १९९६ मध्ये सिंगापूर बंदरात एका बार्जची धडक बसून ‘कॅलिप्सो’ही बुडाली. तिला क्रेनने वर काढून फ्रान्सला नेण्यात आले. ती पुन्हा समुद्रावर जाण्याआधीच, २५ जून १९९७ रोजी, ८७ व्या वर्षी कुस्तो पॅरिसमध्ये वारले. त्यांचे दफन सँ-आंद्रे-द-क्युबझाक येथे झाले.