दहा वर्षांची मुदत आणि पंडिता रमाबाई

देणगी मिळाली की बालवाडी, शिवणवर्ग, वसतिगृह थाटात सुरू होते आणि मुदत संपली की दाराला कुलूप लागते. असे आपण अनेक ठिकाणी पाहतो. म्हणूनच पंडिता रमाबाईंच्या जीवनातील एक गोष्ट आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. आईवडील दुष्काळात गेले. १८८२ साली पतीचे निधन झाले, तेव्हा पदरी लहानगी मनोरमा होती. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्या अमेरिकेस गेल्या. १८८७ साली बॉस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी मंडळ स्थापन झाले आणि विधवांच्या शाळेला दहा वर्षे मदत करण्याचे वचन मंडळाने दिले. त्या आधारावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले.

१८९३ साली धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्यातच १८९८ साली मदतीची मुदत संपणार होती. रमाबाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. मुदत सरण्याआधीच त्यांनी केडगावला सुमारे १०० एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या, फळझाडे लावली. पुढे बागेच्या उत्पन्नावर सदन चालावे, हा हेतू होता.

पण १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुलींना आणले. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते. अशा वेळी केडगावची तीच जमीन या मुलींचे घर झाली. १८९८ साली रमाबाई पुन्हा अमेरिकेस गेल्या. जुने मंडळ विसर्जित होऊन नवे मंडळ उभे राहिले. बागेने सारा खर्च भागला नाही, देणग्या लागतच राहिल्या. मात्र मुक्ती सदनात शेती, विणकाम, छपाई अशी कामे मुली शिकल्या आणि त्यांतील अनेकींनी पुढे सदनाचीच कामे सांभाळली.

१९२१ साली मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. केडगावचे मुक्ती मिशन आजही चालू आहे.

मदतीचा पहिला हप्ता हाती येतो, तेव्हाच शेवटच्या हप्त्यानंतर काय, हे ठरवायला हवे. जमीन असो, कौशल्य असो वा तयार झालेली माणसे असोत, मुलांसाठी काही उभारताना यांपैकी काय मागे राहणार, हे आपण सर्वांनी आधी विचारू या.