रोजच्या कामात रुजलेली श्रद्धा

धर्मश्रद्धेचा हिशोब आपण सहसा एका दिवसावरून मांडतो. अमुक तारखेला अमुक व्यक्तीने धर्म स्वीकारला, एवढी नोंद झाली की कोणी आनंदतो, कोणी संतापतो. त्यानंतरची वर्षे मात्र दोघांच्याही नजरेतून निसटतात. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत असेच घडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या दिवसावर महाराष्ट्राने पुष्कळ वाद घातला. तो दिवस त्यांनी पुढे जन्मभर कसा निभावला, याचा विचार फारसा केला नाही.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचा जन्म १८५८ सालचा. संस्कृतचे धडे आईकडून मिळाले, बालपण तीर्थयात्रांत गेले. १८७०च्या दशकातील दुष्काळाने आई, वडील व थोरली बहीण हिरावून नेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता म्हणून गौरविले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह झाला आणि १८८२ च्या आरंभी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तान्ह्या मनोरमेसह त्या विधवा झाल्या. इतके भोगलेल्या स्त्रीची श्रद्धा केवळ शब्दांवर तगणे शक्यच नव्हते.

बाप्तिस्मा घेऊनही त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. ज्या भगिनींच्या आश्रयास त्या राहिल्या, त्यांच्याशीच त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर व चर्चच्या अधिकारावर वाद घातला. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले. पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आक्षेपावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली परत नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचे वजन आश्रितावर पडतेच. परंतु ज्या वर्षी हे वादळ उठले, त्याच वर्षी सदनाच्या विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हेही विसरता कामा नये.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला मोलाचा वाटतो तो पुढचा भाग. अमेरिकेतील मंडळाने मदतीची हमी दहा वर्षांपुरती दिली होती. मुदत संपण्याआधीच बाईंनी पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे जमीन घेऊन फळबागेची योजना आखली. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुलींना घेऊन आल्या. स्वतः उपासमार सोसलेल्या बाईंना त्या मुलींची दशा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १९०० च्या सुमारास ‘मुक्ती’त सुमारे दीड हजार माणसे राहत होती. तेथे विहिरी खोदल्या गेल्या. शेती, विणकाम, शिवण, छपाई शिकविली गेली. देणग्या येत राहिल्या, तरी हाताला काम हा तेथील नियमच होता. प्रार्थना आणि दळणकांडण यांत त्यांनी भिंत उभारली नाही.

आयुष्याची अखेरची वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिली. त्यासाठी हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला कळावे, हा हेतू. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडला.

त्यांचा धर्म ज्यांना मान्य नाही, त्यांनीही एक गोष्ट मान्य करावी. श्रद्धा स्वीकारण्यास एक दिवस पुरतो. ती टिकविण्यास रोजची भाकरी, रोजचे कष्ट आणि दुसऱ्याचे दुःख उचलण्याची रोजची तयारी लागते. हा हिशोब कोणत्याही धर्माच्या माणसास चुकलेला नाही.