टोर्नेडोचा माग काढणारे शास्त्रज्ञ : तेत्सुया फुजिता

नैसर्गिक आपत्तींचा पाठ सुरू झाला की मुलं टोर्नेडोबद्दल हमखास विचारतात. तो अमेरिकेतच का येतो, आपल्याकडे का नाही? या प्रश्नाचं उत्तर एका शास्त्रज्ञाच्या चरित्रातून छान सांगता येतं.

जन्म व सुरुवातीचे दिवस

तेत्सुया फुजिता यांचा जन्म २३ ऑक्टोबर १९२० रोजी जपानच्या क्यूशू बेटावर झाला. मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकून ते तिथल्याच कॉलेजात शिकवू लागले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी दुसरा अणुबॉम्ब कॉलेजजवळच्या कोकुरा शहरावर पडायचा होता. पण ढगांमुळे आणि धुरामुळे शहर नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं आणि फुजिता बचावले. काही आठवड्यांनी ते नागासाकीला पाहणीसाठी गेले. तिथे झाडं एका बिंदूपासून चारी बाजूंना, चांदणीच्या किरणांसारखी आडवी झाली होती. जमिनीवर उरलेल्या खुणांवरून स्फोट किती उंचीवर झाला, याचं गणित त्यांनी मांडलं. हीच सवय त्यांना आयुष्यभर उपयोगी पडली.

अमेरिकेतील कार्य

जपानमध्ये त्यांनी वादळी ढगांचा अभ्यास केला होता. त्याच्या जोरावर १९५३ मध्ये त्यांना शिकागो विद्यापीठाचं बोलावणं आलं. १९५७ मध्ये फार्गो शहरात मोठा टोर्नेडो झाला. फुजितांनी गावकऱ्यांनी काढलेले फोटो गोळा केले, प्रत्येक फोटो कुठून नि केव्हा काढला ते शोधलं आणि वादळाचा प्रवास क्रमाने उभा केला.

१९७१ मध्ये त्यांनी एफ-० ते एफ-५ ही श्रेणी दिली. टोर्नेडोच्या आत यंत्र नेणं जवळजवळ अशक्य. म्हणून छप्पर उडालं की भिंतीच गेल्या, हे पाहून वाऱ्याचा वेग ठरवायचा. पुढे २००७ मध्ये अमेरिकेने बांधकामाचा दर्जा लक्षात घेऊन ही श्रेणी सुधारली.

टोर्नेडो कुठे आणि का?

फुजितांनी जगभरातल्या टोर्नेडोंचीही मांडणी केली. अमेरिकेत दरवर्षी हजारच्या वर टोर्नेडो होतात. नकाशा उघडून मुलांना दाखवा. मेक्सिकोच्या आखाताकडून उबदार, दमट हवा येते. पश्चिमेच्या डोंगराळ भागाकडून कोरडी आणि कॅनडाकडून थंड हवा येते. मध्ये सपाट मैदान, अडवायला आडवा डोंगर नाही. शिवाय उंचीनुसार वाऱ्याचा वेग व दिशा बदलत जाते, त्यामुळे हवेला आडवा पीळ पडतो. वर चढणारी गरम हवा हा पीळ उभा करते आणि ढग फिरू लागतो. अशा काही ढगांतूनच टोर्नेडो तयार होतो.

अशीच स्थिती अर्जेंटिनाच्या मैदानात असते. बांगलादेशात पावसाळ्याआधी बंगालच्या उपसागरावरची दमट हवा आणि वायव्येकडची कोरडी हवा एकत्र येते. २६ एप्रिल १९८९ रोजी तिथल्या माणिकगंज भागात टोर्नेडोने सुमारे १३०० माणसं दगावली. म्हणजे टोर्नेडो फक्त अमेरिकेचा नाही. आपल्या महाराष्ट्रात मात्र हे सगळं क्वचितच जुळून येतं. उन्हाळ्यात मैदानावर दिसते ती वावटळ वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून उठते, तिला ढग लागत नाही. समुद्रावरचं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं, तेही वेगळंच.

जुनी खूण, नवा शोध

३ आणि ४ एप्रिल १९७४ रोजी एका दिवसाच्या अवधीत १४८ टोर्नेडो झाले. विमानातून पाहणी करताना फुजितांना एका जंगलात झाडं पिळवटून नव्हे, तर चांदणीसारखी पडलेली दिसली. अगदी नागासाकीसारखी! पुढच्या वर्षी न्यूयॉर्कला उतरणारं विमान कोसळून शंभरहून अधिक प्रवासी गेले. ढगातून हवेचा जोरदार झोत खाली आदळतो आणि चहूकडे पसरतो, असं फुजितांनी मांडलं. अनेक शास्त्रज्ञांना ते पटेना. मग त्यांनी रडारने मोजमाप करून दाखवलं. त्यानंतर वैमानिकांचं प्रशिक्षण बदललं, विमानतळांवर खास रडार आले आणि असे अपघात खूप कमी झाले.

गंमत म्हणजे फुजितांनी स्वतःच्या डोळ्यांनी पहिला टोर्नेडो पाहिला तो १९८२ मध्ये, वयाच्या ६१ व्या वर्षी! १९ नोव्हेंबर १९९८ रोजी शिकागो येथे त्यांचं निधन झालं.

वादळ शमल्यावर आपल्या गावातही झाडं पडतात, पत्रे उडतात. धोका टळल्यावर, मोठ्यांसोबत, तारांपासून लांब राहून मुलांना ते पाहायला सांगा. कोणतं झाड कोणत्या दिशेला पडलं, याचा वहीत साधा नकाशा काढून घ्या. वारा कुठून आला असेल, हे मुलं आपलं आपण शोधतील.