रामकृष्णबुवा वझे: मालवणात शिकलेला गवई आणि इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोनची परीक्षा

नवा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन मिळाला की बहुतेक जण आधी चकाचक नवं रेकॉर्डिंग लावतात. त्यापेक्षा रामकृष्णबुवा वझे यांची एखादी जुनी तबकडी लावून बघा. हेडफोन काय देऊ शकतो आणि काय नाही, ते लगेच कळेल. पण आधी बुवा कोण, ते बघू.

मालवण ते ग्वाल्हेर

बुवांचा जन्म १८७१ चा, सावंतवाडी संस्थानातला. वडील ते तान्हे असतानाच गेले. गाण्याचे पहिले धडे मालवणात बळवंतराव पोहरे आणि विठोबाअण्णा हडप यांच्याकडे मिळाले. तेवढ्यावर भूक भागेना, म्हणून पोरवयातच ते घर सोडून निघाले आणि गुरू शोधत उत्तरेकडे गावोगाव भटकले. शेवटी ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँची तालीम मिळाली. तेव्हा ‘सेव्ह’ करायची सोय नव्हती. गुरूने गायलेलं डोक्यात राहिलं तरच आपलं. त्यात अनेक उस्ताद आपल्या चिजा सहजी कुणाला देत नसत.

तीन मिनिटांची तबकडी

पुढे बुवांनी ललितकलादर्श मंडळीच्या नाटकांना चाली दिल्या. दीनानाथ मंगेशकर आणि केसरबाई केरकर त्यांच्याकडे शिकले. बुवांचा आवाज उरला तो ७८ आरपीएमच्या तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं! मैफलीत तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा.

हेडफोन इथे काय करतो?

साध्या हेडफोनमध्ये कॉइल आणि चुंबक पडदा हलवतात. इलेक्ट्रोस्टॅटिकमध्ये अतिशय पातळ फिल्म दोन जाळीदार धातूच्या पट्ट्यांमध्ये असते आणि विजेच्या दाबाने सगळीच्या सगळी एकदम हलते. जपानच्या स्टॅक्स कंपनीने असा पहिला हेडफोन १९६० मध्ये आणला. त्यांच्या आजच्या एंट्री-लेव्हल मॉडेललाही ५८० व्होल्टचा बायस लागतो, म्हणून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा लागतो. फोनला थेट जोडता येत नाही. कप उघडे असल्याने बाहेरचा आवाज आत येतो आणि आतला बाहेर जातो. थोडक्यात, एसटीत नाही, घरी शांत बसून ऐकायची ही वस्तू.

बुवांची तबकडी त्यावर लावली की तानेतला प्रत्येक दाणा सुटा ऐकू येतो. खरखरही तितकीच स्पष्ट येते. मात्र तबकडीवर जे उतरलंच नाही, ते कितीही महागडा हेडफोन परत आणू शकत नाही.

खरा बॅकअप

बुवांनी ती उणीव दुसऱ्या वाटेने भरली. १९३८ मध्ये ‘संगीत कला प्रकाश’ हे पुस्तक काढून त्यांनी आपली हकीकत आणि कष्टाने मिळवलेल्या चिजा नोटेशनसह छापल्या. ज्यासाठी स्वतः वणवण केली, ते सगळ्यांसाठी खुलं केलं. ५ मे १९४५ रोजी पुण्यात ते गेले.

हेडफोन नंतर घेतला तरी चालेल. बुवांची तीन मिनिटं आज साध्या इअरफोनवरही ऐकता येतील.