मातीच्या घरांसाठी झटलेला वास्तुविशारद

माती साच्यात भरून धुमसाने ठोकून उभारलेल्या भिंती, डोंगराच्या कुशीत अर्धीअधिक दडलेली घरे, कच्च्या विटांची कमानदार छते अशा पर्यावरणस्नेही गृहरचनेकडे आज जगभरचे वास्तुविशारद नव्या उत्सुकतेने पाहत आहेत. या वाटेवर सर्वांत आधी पाऊल टाकणाऱ्या आधुनिक वास्तुविशारदांमध्ये इजिप्तच्या हसन फतही यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. गंमत अशी, की त्यांनी माती हाती घेतली तेव्हा पर्यावरणाची चर्चा कोणी करीत नव्हते. ज्याच्या हाती पैसाच येत नाही अशा शेतकऱ्याला राहण्याजोगे घर कसे मिळणार, एवढाच त्यांच्यापुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना सापडलेही. मात्र ज्यांच्यासाठी ते शोधले, त्यांनीच त्याकडे पाठ फिरवली.

हसन फतही यांचा जन्म २३ मार्च १९०० रोजी अलेक्झांड्रिया येथे एका सधन जमीनदार घराण्यात झाला. घरची शेती होती, परंतु वडिलांना खेड्याचे वावडे होते. माशा, धूळ आणि रोगराई यांचे माहेरघर अशीच त्यांची खेड्याविषयी समजूत होती आणि मुलांना ते तिकडे फिरकू देत नसत. आईचे बालपण मात्र खेड्यात गेले होते. तेथील गुराढोरांच्या, शेताशिवारांच्या गोष्टी ती मुलांना रंगवून सांगत असे. न पाहिलेल्या खेड्याचे वेड फतहींना तिच्यामुळेच लागले. मोठेपणी त्यांनी शेतकी महाविद्यालयात प्रवेश घेण्याचा प्रयत्नही केला. प्रवेश परीक्षेत पीकपाण्याविषयी विचारलेल्या साध्या प्रश्नांची उत्तरे या शहरी मुलाला देता आली नाहीत आणि तो मार्ग बंद झाला. मग ते स्थापत्याकडे वळले व १९२६ मध्ये कैरो येथून पदवीधर झाले.

घरच्या शेतावर त्यांनी पाऊल ठेवले तेव्हा ते पंचविशी ओलांडलेले होते. आईच्या गोष्टीतले खेडे तेथे नव्हतेच. अंधाऱ्या, कोंदट, घाणीने वेढलेल्या झोपड्यांत माणसे राहत होती. नाईलच्या खोऱ्यातील तलखा या गावी एका शाळेच्या बांधकामानिमित्त १९२८ च्या सुमारास त्यांना राहावे लागले, तेथेही हेच दृश्य दिसले. ती शाळा त्यांनी युरोपीय अभिजात शैलीत बांधली होती. स्तंभ आणि सज्जे यांच्याशी त्या गावाचे काही नाते नाही, हे त्यांना लवकरच उमगले असावे. १९३० पासून ते कैरोच्या ललित कला महाविद्यालयात शिकवू लागले आणि त्याच दशकात मातीच्या विटांच्या घरांची रेखाटने करू लागले. १९३७ मध्ये मन्सूरा व कैरो येथे या रेखाटनांचे प्रदर्शनही भरले. त्या चित्रांत घरे देखणी दिसत होती, पण त्यांच्या डोक्यावर छत कशाचे घालायचे हा प्रश्न सुटलेला नव्हता.

मातीच्या घरात भिंतीची अडचण कधीच नसते. अडचण असते ती छताची. आपल्याकडचे धाब्याचे घर डोळ्यांपुढे आणले तर हे ध्यानात येईल. भिंत मातीची असली तरी धाब्याखाली लाकडी तुळया आणि सरे लागतातच. इजिप्तमध्ये लाकूड मुळातच दुर्मिळ. त्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि परदेशातून येणारे लाकूड व पोलाद थांबले. याच सुमारास कैरोजवळच्या बहतीम येथे रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीच्या शेतावर मजुरांची घरे बांधण्याचे काम फतहींकडे होते. भिंतीप्रमाणे छतही मातीच्याच विटांचे, कमानदार करावे असे त्यांनी ठरवले. परंतु कमान बांधताना तिला खालून लाकडी साच्याचा आधार द्यावा लागतो आणि लाकडाचीच तर टंचाई होती. बिनआधाराची कमान उभारण्याचा प्रयत्न झाला, तो कोसळला.

मार्ग दाखवला तो त्यांच्या भावाने. आस्वानच्या धरणावर कामाला असलेल्या या भावाला ठाऊक होते, की तेथील नुबियन गवंडी साच्याशिवाय कमानदार छते बांधतात. फेब्रुवारी १९४१ मध्ये फतही विद्यार्थ्यांसह आस्वानला गेले. नदीपलीकडच्या घर्ब आस्वान या गावात पाय ठेवताच, आपण वर्षानुवर्षे कागदावर जे रेखाटत होतो ते येथे आधीपासूनच उभे आहे, असा अनुभव त्यांना आला. स्वच्छ, उंच, सुबक घरे आणि प्रत्येकावर मातीच्या विटांचे कमानदार छत. परतीच्या वाटेवर लक्झर येथे रामसेस दुसरा याच्या मंदिरामागची धान्याची कोठारे त्यांनी पाहिली. त्यांची कच्च्या विटांची छते सुमारे ३,२०० वर्षे ऊन-वारा सोसून अजूनही टिकून होती. कच्ची वीट टिकत नाही, असे म्हणणाऱ्या अभियंत्यांना याहून ठोस पुरावा दाखवण्याची गरज नव्हती.

या गवंड्यांची युक्ती पाहण्यासारखी आहे. खोलीच्या मागच्या बाजूची भिंत आधी उंच बांधून घेतात. गवंडी त्या भिंतीवर ओल्या मातीने, कोणतेही माप न घेता, कमानीचा आकार काढतो. छताच्या विटा नेहमीपेक्षा पातळ आणि अधिक भुसा घातलेल्या, म्हणजे हलक्या असतात. विटेच्या अंगावर बोटांनी चर ओढलेले असतात, त्यामुळे ओल्या मातीला ती घट्ट चिकटते. पहिला थर मागच्या भिंतीवर किंचित रेलून बसवायचा, दुसरा पहिल्यावर रेलायचा आणि असे करीत पुढे सरकायचे. प्रत्येक थर मागच्याच्या आधाराने उभा राहत असल्याने खालून टेकू लागत नाही. कमानीचा आकार असा राखलेला असतो, की तिच्यात केवळ दाब निर्माण होतो, ताण येत नाही. माती दाब सहन करते, ताणाखाली मात्र ती तुटते. हे गणित अभियंते कागदावर मांडतात आणि नुबियन गवंडी डोळ्यांच्या अंदाजाने साधतो. फतहींनी आस्वानहून गवंडी आणवले आणि बहतीमची छते उभी राहिली.

या यशामुळेच त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठे आणि सर्वांत क्लेशदायक काम त्यांच्याकडे चालून आले. लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर गुर्ना नावाची वस्ती होती. तेथील माणसे प्राचीन सरदारांच्या थडग्यांवर आणि थडग्यांच्या आसपास, डोंगर पोखरून केलेल्या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राहत. पर्यटकांच्या जोडीला थडग्यांतील वस्तूंची चोरटी विक्री हेही अनेकांच्या उपजीविकेचे साधन होते. एका नोंदलेल्या थडग्यातील कोरीव शिल्पच उखडून नेल्याचे उघडकीस आल्यावर सरकार खडबडून जागे झाले. ही वस्ती उठवून सुमारे ७,००० लोकांसाठी पायथ्याच्या शेतजमिनीवर नवे गाव वसवायचे ठरले. पुराणवस्तू खात्याने १९४५ मध्ये हे काम फतहींना दिले.

एकाच नकाशाची शेकडो घरे ओळीने उभी करणे त्यांना सहज शक्य होते. सरकारी वसाहती अशाच बांधल्या जातात. फतहींनी ते टाळले. गुर्नातील कुळे एकमेकांना धरून राहत असत, हे पाहून त्यांनी प्रत्येक कुळाच्या घरांना सामाईक चौक दिला आणि प्रत्येक घराला स्वतःचे अंगण. मशीद, बाजार, नाट्यगृह, मुला-मुलींच्या स्वतंत्र शाळा, कारागिरांसाठी जागा असा सगळा संसार त्यांनी योजला. शाळेच्या वर्गांवर उंच झरोके उभारून वरचा गार वारा आत उतरवला. वाऱ्याच्या वाटेवर ओला कोळसा ठेवल्याने तो आणखी थंड होत असे. विटा जागेवरच पाडल्या जात आणि नुबियन गवंड्यांच्या हाताखाली स्थानिक तरुण शिकत. आपल्या शेतीत जशी सावड असते, तशी घरबांधणीतही असावी, शेजाऱ्यांनी एकमेकांची घरे उभारावीत आणि मध्ये कंत्राटदार नसावा, ही त्यांची मूळ कल्पना होती.

प्रत्यक्षात मात्र ते कैरोच्या कचेऱ्यांत खेटे घालण्यातच थकून गेले. विटांचा भुसा, मजुरांची मजुरी, सामान वाहणारी गाडी या प्रत्येकासाठी कागद हलावा लागे आणि तो महिनोन्‌महिने हलत नसे. १९४७ मध्ये देशात कॉलऱ्याची साथ आली. त्यातच बांध फोडून नव्या गावात पुराचे पाणी सोडल्याचा प्रकार घडला. गावकऱ्यांना जायचेच नव्हते. थडगी सोडून शेताच्या कडेला राहायचे, तर खायचे काय, या त्यांच्या प्रश्नाला सरकारकडे उत्तर नव्हते आणि खरे तर फतहींकडेही नव्हते. हस्तव्यवसाय शिकवण्याची योजना त्यांनी आखली होती, पण थडग्यांतून आणि पर्यटकांकडून मिळणाऱ्या रोकडीची बरोबरी ती कशी करणार? १९४८ च्या सुमारास काम थांबले. योजलेल्या गावाचा जेमतेम पाचवा हिस्सा बांधून झाला होता आणि तोही बराच काळ ओस पडला.

अपयशाचा दोष फतहींनी प्रामुख्याने नोकरशाहीला दिला. तो खोटा नव्हता, पण पुरेसाही नव्हता. पुढील काळातील टीकाकारांनी दाखवून दिले, की घुमट हा त्या परिसरात दर्ग्यांशी आणि कबरींशी निगडित आकार होता. नुबियात घरावर शोभणारे छत गुर्नातील माणसाला परके वाटले. गावात घरोघरी नळ द्यावेत की नाही, याविषयीही फतही साशंक होते. विहिरीवर पाणी भरायला जाणाऱ्या मुलींच्या भेटीगाठी आणि त्यातून जुळणारी लग्ने नळामुळे थांबतील, अशी त्यांना चिंता वाटे. डोक्यावरून घागर वाहणाऱ्या मुलीला काय वाटते, हा प्रश्न मात्र त्यांच्या नजरेतून निसटला. आईच्या गोष्टींतले खेडे त्यांच्या मनातून कधी पुरते गेले नाही, असे म्हणावेसे वाटते.

यानंतर ते शाळाबांधणी खात्यात काही वर्षे राहिले, पुन्हा अध्यापनाकडे वळले आणि १९५७ मध्ये अथेन्सला निघून गेले. नगररचनाकार डॉक्सियाडिस यांच्या संस्थेत काम करून साठीच्या दशकाच्या प्रारंभी ते कैरोला परतले. १९६४ मध्ये कैरोच्या बांधकाम संशोधन केंद्राच्या आवारात वेगवेगळ्या साहित्यांच्या प्रायोगिक खोल्या बांधून त्यांतील तापमान मोजण्यात आले. मार्च महिन्यातील त्या नोंदी बोलक्या आहेत. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या विटांच्या खोलीत चोवीस तासांत तापमान २१ ते २३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिले. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटच्या तयार तक्त्यांची खोली ३६ अंशांपर्यंत तापली. बाहेरच्या हवेपेक्षाही ती नऊ अंशांनी अधिक उष्ण होती. जाड माती दिवसाचे ऊन आत पोचू देत नाही, ते सावकाश शोषते आणि रात्री सोडून देते. आज वातानुकूलन यंत्रांच्या विजेचा हिशेब मांडणाऱ्या प्रत्येकाने पाहावेत असे हे आकडे आहेत.

खर्गा मरुद्यानातील नवे बारीस हे गाव म्हणजे त्यांची दुसरी संधी. तेथील बाजारात भाजीपाला टिकावा म्हणून त्यांनी वारा पकडणाऱ्या मनोऱ्यांखाली थंड तळघरे योजली. परंतु १९६७ चे युद्ध आले आणि तेही काम अर्धवट राहिले. त्याच दशकात आस्वानच्या उंच धरणासाठी इजिप्तमधील सुमारे ५०,००० नुबियन लोकांना आपली गावे सोडून सरकारी वसाहतीत जावे लागले. ज्यांच्याकडून फतही शिकले, त्या समाजाचीच बहुतेक घरे पाण्याखाली गेली. धरणामुळे नाईलचा दरवर्षीचा गाळही थांबला. ज्या गाळाच्या विटांवर त्यांचा सारा विचार उभा होता, तो आता शेतासाठीही पुरेना.

त्यांची कीर्ती पसरली ती एका पुस्तकामुळे. गुर्नाची कहाणी त्यांनी इंग्रजीत लिहिली. इजिप्तच्या संस्कृती मंत्रालयाने १९६९ मध्ये तिच्या मोजक्या प्रती काढल्या आणि १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने ती ‘आर्किटेक्चर फॉर द पुअर’ या नावाने प्रसिद्ध केली. तेलसंकटाचे ते वर्ष. ऊर्जा न खाणाऱ्या घराचा विचार ऐकायला जग एकाएकी तयार झाले होते. १९८० मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार, बाल्झन पारितोषिक आणि आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अध्यक्षांचा विशेष सन्मान हे तिन्ही त्यांच्याकडे आले. आगाखान पुरस्काराच्या पहिल्या सुकाणू समितीवर ते स्वतःही होते. नवी मुंबईच्या कल्पनेशी ज्यांचे नाव जोडले गेले आहे, ते चार्ल्स कोरिया तेथे त्यांचे सहकारी होते. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील अबिकिऊ येथे मशीद व विद्यालय बांधण्यासाठी ऐंशीच्या घरातील फतही नुबियन गवंड्यांना घेऊन गेले. घरच्या गरिबांसाठी मात्र त्यांना फारसे बांधता आले नाही. अनेक घुमटदार घरे त्यांनी रसिक, सुस्थित लोकांसाठीच बांधली.

कैरोच्या किल्ल्यानजीक दर्ब अल-लब्बाना या गल्लीतील एका जुन्या वाड्यात त्यांचे अखेरचे आयुष्य गेले. सोबतीला मांजरे, व्हायोलिन आणि देशोदेशींहून येणारे विद्यार्थी असत. ३० नोव्हेंबर १९८९ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नव्या गुर्नात पुढे माणसे राहू लागली. कुटुंबे वाढली तशी अनेकांनी मातीची घरे पाडून काँक्रीटचे मजले चढवले, काही घरे जमिनीतून चढणाऱ्या क्षारांनी खाल्ली. २०१० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने या गावाचा समावेश धोक्यातील वास्तूंच्या यादीत केला. मशीद अजून उभी आहे. नुबियन कमानीचे तंत्र २००० पासून एका स्वयंसेवी संस्थेने बुर्किना फासो आणि आसपासच्या देशांत रुजवले आहे. तेथेही लाकूड संपत आले आहे आणि गावातले गवंडी हे काम शिकून त्यावर पोट भरतात. डोंगरावरचे जुने गुर्ना मात्र सरकारने डिसेंबर २००६ पासून पाडायला घेतले. फतहींच्या गावात जायला ज्यांच्या आजोबांनी नकार दिला होता, त्या कुटुंबांना उत्तरेकडे बांधलेल्या काँक्रीटच्या वसाहतीत हलवण्यात आले.