संगीतसूर्य केशवराव भोसले

नेसरीचे नाव निघाले की महाराष्ट्रास प्रथम आठवते ती खिंड. 1674 च्या फेब्रुवारीत सरनौबत प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा सोबती याच भूमीवर धारातीर्थी पडले. त्यामुळे आपल्या घराघरांतून मुलांपुढे जे आदर्श ठेवले जातात ते बहुधा तलवारीचे असतात, आणि ते योग्यच आहे. परंतु एखाद्या घरातील मुलाने आपणांस गायचे आहे, नाटकात काम करायचे आहे असे म्हटले, की तेच घर क्षणात गंभीर होते. पोरगा वाया गेला, असा निवाडा वडीलधारी मंडळी तेथल्या तेथे देऊन मोकळी होतात. हा प्रश्न आपल्या संघाच्या कुटुंबांत अलीकडे वारंवार निघू लागला आहे. म्हणून या स्मरणिकेत रणांगण सोडून रंगभूमीवर पराक्रम केलेल्या आपल्याच एका करवीरकर मराठ्याचे चरित्र वाचकांस सादर करावे, असे आम्ही योजिले आहे.

केशवराव भोसले यांचा जन्म 9 ऑगस्ट 1890 रोजी कोल्हापुरात झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले आणि घरात दारिद्र्य आले. ज्या वयात मूल पाटीवर धुळाक्षरे गिरवते, त्या वयात हा मुलगा जनुभाऊ निमकर यांच्या स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. कलेच्या ओढीने तो घर सोडून गेला, असे म्हणणे गोड वाटेल, पण चार-पाच वर्षांच्या पोरास कलेची ओढ ती काय असणार! दोन वेळच्या अन्नाची सोय हेच त्यामागील पहिले कारण होते. त्या काळच्या नाटक कंपन्या म्हणजे एक फिरते एकत्र कुटुंबच होते. पंगत एक, बिऱ्हाड एक, आणि मालकाचा धाकही एकच. केशवरावांची शाळा तीच आणि आजोळही तेच.

त्या शाळेत त्यांचा गळा लौकरच सर्वांच्या ध्यानी आला. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ त्या दिवसांत महाराष्ट्रभर गाजत होते. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुली म्हाताऱ्यांच्या गळ्यांत बांधण्याच्या चालीवर या नाटकाने कोरडा ओढला होता. त्यातील शारदेची भूमिका कोवळ्या वयाच्या केशवरावांकडे आली, आणि या भूमिकेने त्यांचे नाव गावोगाव नेले. पोरसवदा वय, उंच पट्टीत सहज चढणारा तेजस्वी आवाज आणि स्वच्छ शब्दोच्चार यांमुळे प्रेक्षकांस ती शारदा आपल्याच घरची वाटू लागली.

परंतु स्त्रीभूमिका करणाऱ्या प्रत्येक मुलाच्या डोक्यावर एक टांगती तलवार असते. वय वाढते, आवाज फुटतो, आणि कालचा लाडका नट आज पडद्यामागे सामान उचलू लागतो. अशी कितीतरी मुले त्या काळी आली आणि विस्मृतीत गेली. केशवराव त्यांत जमा झाले नाहीत. ईश्वरी देणगी होती हे खरेच, पण तेवढ्यावर त्यांनी भिस्त ठेविली नाही. पुढे स्वतः मालक होऊन कीर्ती पावल्यावरही त्यांनी गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे यांचे शिष्यत्व पत्करिले. आपल्या भागातून आंबोलीचा घाट उतरला की जे सावंतवाडी संस्थान लागे, तेथील हे वझेबुवा. गाण्याच्या विद्येसाठी त्यांनी पोरवयात घर सोडून ग्वाल्हेरपर्यंत मजल मारली होती. अशा कडक तालमीच्या गुरूपुढे, टाळ्यांच्या वर्षावात न्हालेल्या नटाने पुन्हा विद्यार्थी होऊन बसणे ही गोष्ट दिसते तितकी सोपी नव्हे. वझेबुवांनी पुढे केशवरावांच्या नाटकांस चालीही दिल्या.

1 जानेवारी 1908 रोजी हुबळी मुक्कामी केशवरावांनी ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची नाटक मंडळी स्थापन केली. त्या दिवशी त्यांचे वय अठराही पुरे नव्हते! शिक्षण बेताचे आणि घरचे पाठबळ शून्य. नाटक मंडळी चालविणे म्हणजे केवळ गाणे नव्हे. नट, साजिंदे, आचारी, गडी यांची पोटे, पडदे आणि पोशाख, रेल्वेचे भाडे, थिएटरचे भाडे हा सारा भार रोजच्या तिकीटविक्रीवर असतो, आणि पाऊस लागला किंवा मुख्य नटाचा घसा बसला की तो थेट मालकाच्या छातीवर येतो. मालकच मुख्य गायक असल्यावर तर आजारी पडण्याचीही सोय नसते.

अशा स्थितीत शहाणा व्यापारी काय करील? ‘सौभद्र’, ‘मृच्छकटिक’, ‘शारदा’ ही चाललेली नाटके फिरवीत राहील. केशवरावांनी ती नाटके केलीच, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. 1913 साली त्यांनी वीर वामनराव जोशी यांचे ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ रंगभूमीवर आणिले. पुढे मामा वरेरकर या नव्या लेखकास हाताशी धरून हुंड्याच्या प्रश्नावरील ‘हाच मुलाचा बाप’ आणि 1919 साली ‘संन्याशाचा संसार’ ही नाटके केली. नाव न झालेल्या लेखकावर आणि समाजास झोंबणाऱ्या विषयावर पदरचा पैसा लावणे हे आमच्या मते त्यांच्या गळ्याइतकेच मोठे धाडस होय. दुर्दैवाने त्यांच्या तानांची चर्चा जितकी होते, तितकी या गोष्टीची होत नाही. नेपथ्याकडेही त्यांचे बारीक लक्ष असे. कोल्हापूरचेच आनंदराव व बाबुराव पेंटर हे बंधू त्यांस पडदे रंगवून देत. हेच बाबुराव पुढे मराठी चित्रपटसृष्टीचे एक आद्य शिल्पकार ठरले.

छत्रपती शाहू महाराजांचा केशवरावांवर लोभ होता. महाराजांना नाटकाची आणि कुस्तीची सारखीच हौस. खासबागेच्या मैदानालगत त्यांनी पॅलेस थिएटर उभारिले, ते 1915 साली खुले झाले. त्याच खासबागेत उघड्या आकाशाखाली केशवरावांनी प्रचंड जनसमुदायापुढे ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केल्याची आठवण करवीरात अद्याप सांगितली जाते. ध्वनिवर्धकाचे ते दिवस नव्हते, हे वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आता त्यांच्या आयुष्यातील सर्वांत गाजलेल्या रात्रीकडे वळू. केशवरावांची ललितकलादर्श आणि नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांची गंधर्व नाटक मंडळी या दोन संस्थांत तेव्हा मोठी चुरस होती. प्रेक्षकांतही दोन तट पडलेले. एकाच्या भक्ताने दुसऱ्याचे कौतुक ऐकून घ्यावयाचे नाही, असा तो मामला. लोकमान्यांच्या निधनानंतर गांधीजींनी टिळक स्वराज्य फंडाची हाक दिली, आणि या दोन प्रतिस्पर्ध्यांनी त्या फंडासाठी एकत्र येऊन खाडिलकरांचे ‘मानापमान’ करावयाचे ठरविले. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात तो प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. भामिनी ही बालगंधर्वांची हुकमी भूमिका, नाटकही त्यांच्याच नावाशी जोडलेले. अशा परक्या आखाड्यात उतरून तुलनेस उभे राहणे केशवरावांस टाळता आले असते. त्यांनी ते टाळले नाही. कोण वरचढ ठरला, याचा वाद पुढे अनेक वर्षे रंगला. आम्हांस त्या वादात पडण्याचे प्रयोजन दिसत नाही. आपली मंडळी, आपला मान आणि आपला प्रेक्षक यांपलीकडे जाऊन दोघेही त्या रात्री एका रंगमंचावर उभे राहिले, ही गोष्ट आम्हांस निकालाहून मोठी वाटते.

त्यानंतर पुरते तीन महिनेही गेले नाहीत. य. ना. टिपणीस यांच्या ‘शहा शिवाजी’ या नव्या नाटकाचे ते वर्ष. विषमज्वराचे निमित्त झाले आणि 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस. पुढच्याच वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले, आणि करवीरच्या कलाविश्वावरील दोन्ही छत्रे सात-आठ महिन्यांत नाहीशी झाली.

मालक गेला की नाटक मंडळीही जाते, असा त्या काळचा अनुभव. ललितकलादर्श मात्र राहिली. मंडळीतील बापूराव पेंढारकर यांनी ती सांभाळिली आणि वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ 1922 साली रंगभूमीवर आणून केशवरावांनी घालून दिलेली वाट पुढे चालविली. 1937 साली बापूरावही गेले. त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी 1942 मध्ये संस्था पुन्हा उभी केली, आणि ‘पंडितराज जगन्नाथ’ व ‘दुरितांचे तिमिर जावो’ यांसारखी नाटके तिच्याच नावाने गाजली. हुबळीत एका सतरा वर्षांच्या मुलाने लावलेले रोप असे शंभर वर्षांचे झाले. ज्यांनी ते वाढविले ते त्याच्या रक्ताचे नव्हते, जातीचेही नव्हते. हे आम्ही जातिसंघाच्या स्मरणिकेत मुद्दाम लिहून ठेवीत आहोत.

शाहू महाराजांच्या पॅलेस थिएटरास 1957 साली केशवरावांचे नाव देण्यात आले. नेसरी, गडहिंग्लजकडील कितीतरी कुटुंबांनी आयुष्यातील पहिले नाटक त्याच वास्तूत पाहिले असेल. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ती वास्तू आगीत सापडली. रंगमंच जळाला, छप्पर कोसळले, आणि दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. दुसरा दिवस 9 ऑगस्टचा होता. केशवरावांच्या जयंतीस जमावयाचे कलावंत त्या सकाळी राखेसमोर जमले. थिएटर पुन्हा उभारण्याचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले.